पगार सारखा, पाठबळ वेगळं

वाचकांचे प्रश्न : जात, वर्ग आणि विषमता

जातीपेक्षा आता पैसाच मोठा झाला का, या एका शंकेभोवती फिरणारी पत्रं या वेळी मराठवाड्यातून आली. त्यांतली पाच इथे घेतली आहेत. नावं छापलेली नाहीत. गाव आणि व्यवसाय तेवढा दिला आहे.

प्रश्न : एम.ए.ला ‘वंशाचं महत्त्व घटलं, वर्गाचं वाढलं’ ही अमेरिकेतली मांडणी अभ्यासाला आहे. वंशाच्या जागी जात ठेवली की ती आपल्याकडेही लागू होते, असं वर्गात सांगतात. हे बरोबर आहे का?
– विद्यार्थिनी, अंबाजोगाई

उत्तर : मूळ म्हणणं आधी नीट पाहू, कारण उत्तरपत्रिकांत ते नेहमी अर्धंच उतरतं. तेव्हा शिकागो विद्यापीठात असलेले समाजशास्त्रज्ञ विल्यम ज्युलियस विल्सन यांनी १९७८ साली ही मांडणी केली. वंशभेद संपला, असं ते म्हणाले नव्हते. १९६४च्या नागरी हक्क कायद्यानंतर शिकलेल्या कृष्णवर्णीयांना सरकारी कचेऱ्यांची आणि मोठ्या कंपन्यांची दारं उघडली. त्याच सुमारास शहरांतले कारखाने बाहेर गेले आणि कमी शिकलेल्या कृष्णवर्णीय मजुरांचं काम गेलं. एकाच समाजात दोन थर पडले. कोण कुठल्या थरात जाणार, हे ठरवण्यात घरच्या आर्थिक स्थितीचा वाटा वंशापेक्षा मोठा झाला, एवढाच त्यांचा दावा.

शाळेतल्या गुणांनी या दाव्याला बळ दिलं. स्टॅनफर्डच्या शॉन रिअर्डन यांनी २०११ साली दाखवलं की श्रीमंत आणि गरीब मुलांच्या गुणांतली दरी गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांमधल्या दरीच्या जवळपास दुप्पट झाली होती. त्याच्या पन्नास वर्षं आधी हे प्रमाण उलटं होतं.

मालमत्ता मोजायला घेतली की चित्र फिरतं. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२च्या पाहणीत मधल्या (म्हणजे मालमत्तेच्या क्रमानं रांग लावली तर बरोबर मधोमध येणाऱ्या) गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता २ लाख ८५ हजार डॉलर निघाली, मधल्या कृष्णवर्णीय कुटुंबाची ४५ हजारांच्याही आत. सहापट फरक, उत्पन्नातला फरक याच्या जवळपासही जात नाही. पगार ही नळाची धार आणि मालमत्ता हा रांजण. आठवड्यानं एकदा पाणी येणाऱ्या गावात रांजणाचं महत्त्व कुणाला सांगावं लागत नाही. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांच्या २०१८च्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली : श्रीमंत घरात वाढलेला कृष्णवर्णीय मुलगाही मोठेपणी तशाच घरातल्या गोऱ्या मुलापेक्षा कमी कमावतो. मुलींच्या स्वतःच्या कमाईत मात्र ही तफावत फारशी नाही. वर्ग सारखा ठेवूनही वंश उरतो, आणि तोही मुलगा-मुलगी पाहून वेगवेगळा.

आता वंशाच्या जागी जात. ही तुलना परकी नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामीविरुद्ध उभ्या राहिलेल्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ साली कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दू बॉईस यांना पत्र लिहिलं. १९७२ची दलित पँथर तर नावासकट तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतलेली. पण वंश म्हणजेच जात, हे बाबासाहेबांनी कधी मान्य केलं नाही. १९३६ साली त्यांनी लिहिलं की पंजाबातला ब्राह्मण आणि तिथलाच अस्पृश्य एकाच वंशाचे आहेत. जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे. २००१ साली डर्बनला झालेल्या वंशवादविरोधी जागतिक परिषदेत भारत सरकारनं ‘जात म्हणजे वंश नव्हे’ म्हणत हा विषय नाकारला, तेव्हा वाक्य जवळपास तेच होतं. हेतू मात्र उलटा.

अडचण येते ती इथे. अमेरिकेतली मुख्य रेघ एक आहे. आपल्याकडे जिना आहे, आणि पायरीगणिक वरच्याविषयी राग आणि खालच्याविषयी तुच्छता आहे. गरीब-गरीब एकत्र का येत नाहीत, याचं उत्तर वर्गाच्या पुस्तकात सापडत नाही ते या जिन्यामुळे. दुसरं, कातडी दिसते, जात विचारावी लागते : आडनाव, गावाचं नाव, घर गावात का वस्तीत, भिंतीवर फोटो कुणाचा. शहरात काही दिवस लपवता येते. लग्नाच्या वेळी मात्र ती बाहेर येतेच. २०११-१२च्या भारतीय मानव विकास पाहणीत आंतरजातीय लग्नं शंभरात पाचच्या आसपास होती, आणि २७ टक्के घरांनी आपण कुठल्या ना कुठल्या रूपात अस्पृश्यता पाळतो, हे स्वतःच्या तोंडानं कबूल केलं होतं. तेव्हा ‘महत्त्व घटलं का’ एवढंच लिहून उत्तर पुरं होत नाही. कशात घटलं, ते लिहा. शाळेच्या दारात घटलं. पहिल्या सरकारी नोकरीत बरंच घटलं. जमिनीत, कर्जात, शिफारशीत आणि सोयरिकीत कमी घटलं.

प्रश्न : माझं तीन एकर जिरायत वावर. पोरगा बी.एस्सी. होऊन घरी बसलाय. गल्लीपलीकडच्या बौद्ध मास्तरांना सत्तर हजार पगार आहे, आरक्षण त्यांच्या पोराला. मग मागास कोण, ते सांगा.
– मराठा शेतकरी, घनसावंगी

उत्तर : आधी तुमचा हिशेब. पावसावरचं सोयाबीन एकरी सहा क्विंटल धरलं तर १८ क्विंटल. २०२४-२५चा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि आडतीवर भाव त्याच्या खालीच राहिला. हमीभाव मिळाला असं समजलं तरी ८८ हजार. बियाणं, खत, तणनाशक, दोन-तीन फवारण्या, काढणी, मळणी मिळून एकरी १८ हजार म्हटले तर ५४ हजार गेले. वर्षाला उरले ३४ हजार. मास्तरांचा पंधरा दिवसांचा पगार तुमच्या वर्षाच्या शिलकीएवढा आहे. उत्पन्नानं आज ते वर आणि तुम्ही खाली, यात वादच नाही. महाराष्ट्रात १९७०-७१ साली एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६च्या कृषी गणनेत ती १.३४ हेक्टर झाली. तुमचे तीन एकर म्हणजे १.२ हेक्टर. तुमच्यासारखी लाखो खाती आहेत, आणि हा राग हवेतून आलेला नाही.

पण हिशेबाची दुसरी वही असते, तीही उघडा. मुलीच्या लग्नाला किंवा ऑपरेशनला दोन लाख लागले तर तुम्ही कुणाकडे जाल? सोसायटीचं पीककर्ज सातबाऱ्यावर मिळतं. आडत्या उसने देतो तो पुढचं पीक पाहून. सोसायटीचा चेअरमन, बाजार समितीतला संचालक, कारखान्याचा शेतकी अधिकारी यांपैकी कुणी ना कुणी पाहुण्यातला निघतो. मास्तरांकडे पगाराची चिठ्ठी आहे. ती आहे तोवर बँक दारात उभी राहते. पण त्यांच्या वडिलांकडे सातबारा होता का? नसेल, तर ही श्रीमंती एका माणसाच्या एका नोकरीवर उभी आहे. मास्तरांना गावात तुमच्या गल्लीत प्लॉट विकत मिळेल का, हेही एकदा मनाशी विचारून पाहा. उत्तर आम्हाला कळवायची गरज नाही.

आरक्षण ही गरिबी हटवायची योजना नाही. राज्यघटनेच्या कलम १६(४)मध्ये शब्द आहे तो सेवांमधल्या पुरेशा प्रतिनिधित्वाचा. गरिबीसाठीच्या सवलती वेगळ्या आहेत आणि त्यांना उत्पन्नाची अट आहे. मास्तरांच्या मुलाला अनुसूचित जातीची जागा मिळू शकते, कारण त्या प्रवर्गाला क्रीमी लेयर (त्याच प्रवर्गातल्या वरच्या थराला वगळण्याची अट) लागू नाही. १ ऑगस्ट २०२४च्या, अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या काही न्यायमूर्तींनी तशी सूचना केली, पण तो नियम झालेला नाही. मात्र मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि स्वाधार (वसतिगृह न मिळालेल्या विद्यार्थ्यांची मदत) यांना अडीच लाखांची मर्यादा आहे, आणि मास्तरांचं वर्षाचं उत्पन्न ८ लाख ४० हजार होतं. हे पैसे त्याला मिळत नाहीत.

आता तुमच्या मुलाचं. राज्याच्या भरतीत आणि प्रवेशात २०२४च्या कायद्याचा १० टक्के एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) प्रवर्ग आहे, न्यायालयाच्या अंतिम निकालाच्या अधीन राहून. केंद्राच्या यादीत मराठा ओबीसी नाहीत, म्हणून रेल्वे, बँक, कर्मचारी निवड आयोग आणि ‘नीट’चा अखिल भारतीय कोटा यांत त्याला ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) चालतं, पण दाखला केंद्राच्या नमुन्यातलाच हवा. राज्याचा दाखला केंद्राच्या अर्जाला जोडला की अर्ज बाद होतो, आणि हे कळतं ते निकालानंतर. घराण्यात कुणबी नोंद सापडून प्रमाणपत्र आणि पडताळणी झाली असेल, तर तो ओबीसी ठरतो आणि ईडब्ल्यूएसचा दरवाजा बंद होतो. दोन्ही खिशांत ठेवता येत नाही.

‘आठ लाख’ हा उत्पन्नमर्यादेचा आकडा ईडब्ल्यूएस आणि ओबीसी दोन्हीकडे छापलेला आहे, पण मोजायची रीत वेगळी, आणि तहसीलच्या खिडकीवर सगळा घोळ इथेच होतो. ईडब्ल्यूएसला मागच्या एका आर्थिक वर्षाचं सगळं उत्पन्न धरतात : पगार, शेती, धंदा, सगळं. शिवाय केंद्राच्या नियमात पाच एकर किंवा जास्त शेतजमीन असली की उत्पन्न कितीही कमी असो, दाखला मिळत नाही. पाच एकर माळरान आणि पाच एकर बागायत तिथे एकच. ओबीसी, भटके-विमुक्त यांच्या नॉन-क्रीमी लेयरला तीन वर्षांचं उत्पन्न पाहतात, पण आई-वडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न त्यात धरत नाहीत. पगारदाराबाबत पाहतात ते पद. वडील किंवा आई थेट वर्ग एकमध्ये लागले असतील तर क्रीमी लेयर. वर्ग तीनचा पगार कितीही वाढला तरी केवळ पगारामुळे दाखला अडत नाही. कारकुनानं पगार मिळवून आठ लाखांच्या वर आकडा नेला, तर तिथेच लेखी हरकत द्या.

प्रश्न : फडात वंजारी, मराठा, बंजारा, बौद्ध, मातंग सगळे एकाच उसात वाकतात. मग तिथं जात राहिली कुठं?
– ऊसतोड मजूर, वडवणी

उत्तर : वर्ग समजावून सांगायला फडासारखी दुसरी जागा नाही, म्हणून तुमच्याच आकड्यांनी बोलू. २०२४च्या सुरुवातीच्या करारात तोडणीचा दर सुमारे ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपयांच्या आसपास गेला. नवरा-बायकोच्या जोडीनं, म्हणजे एका कोयत्यानं, दिवसाला दोन टन तोडले तर दोघांचे मिळून ७३२ रुपये, पहाटेपासून गाडी भरेपर्यंत. एक लाखाची उचल (हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम) फेडायला २७३ टन, म्हणजे एकही खाडा न करता १३७ दिवस. हंगाम पाच महिन्यांचा धरला तरी हातात उरतात ते दहा-पंधरा दिवस आणि वाढ्यांचे (उसाच्या शेंड्यांच्या चाऱ्याचे) पैसे. पाऊस झाला, कारखाना बंद पडला, लेकरू आजारी पडलं की ते दिवसही जातात आणि बाकी पुढच्या सालावर चढते.

खाडा पडू नये म्हणून शरीर किती मोडतं, ते बायकांकडे पाहून कळतं. २०१९ साली बीड जिल्ह्यात झालेल्या सरकारी पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांवर स्त्रियांची गर्भाशयं काढलेली होती. इथे जात, वर्ग आणि बाईपण वेगळं काढता येत नाही. ज्यांना करायचं असेल त्यांनी करून पाहावं.

जात कुठे, ते उसात वाकल्यावर दिसत नाही. त्याच्या आधी आणि नंतर पाहा. टोळी बांधली कुणी? बहुतेक टोळ्या भावकीच्या, सोयऱ्यांच्या असतात; कोप्यांच्या (मजुरांच्या झोपड्यांच्या) रांगाही तशाच पडतात. टोळी पुरवणारा मुकादम होतो तो, ज्याला कारखान्याची उचल उचलताना जामीन मिळतो आणि पळालेल्या कोयत्याची रक्कम वर्षभर अंगावर घेता येते. त्यासाठी जमीन, बैल, ट्रॅक्टर किंवा राजकारणातला माणूस लागतो. बैलगाडीवाल्याला वाहतुकीचे जास्तीचे पैसे मिळतात. डोक्यावर मोळ्या वाहणाऱ्या डोकी सेंटरवाल्याला मिळतात ते तोडणी-भरणीचेच. आणि उचल कधी घेतली? ज्याच्याकडे दोन एकर आहेत तो खरीप पदरात पाडून दसऱ्याच्या तोंडावर मुकादमाशी घासाघीस करतो. भूमिहीनाला मृगातच किराण्यासाठी पैसे लागतात. त्याला भाव ठरवायला वेळच नसतो. फडात दर सगळ्यांना एकच, पण कुणी कुठल्या महिन्यात अंगठा केला यावर त्याचा भाव ठरतो. आणि जमीन कुणाकडे आहे, हे गावात जातीनंच ठरलेलं असतं.

प्रश्न : डिप्लोमा झालाय, गुण चांगले आहेत. औद्योगिक वसाहतीतल्या खासगी कंपन्या आडनाव पाहून बोलावतात, असं मित्र म्हणतात. यात तथ्य आहे का?
– तरुण, वाळूज

उत्तर : एखाद्या कंपनीविषयी पुराव्याशिवाय काही म्हणता येत नाही. पण ही गोष्ट मोजलेली आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फरक फक्त नावात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश निघाली आणि मुस्लिम नावाला एक तृतीयांश. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या बॉस्टन-शिकागोतल्या तशाच प्रयोगात ‘गोऱ्या’ वाटणाऱ्या नावांना पन्नास टक्के जास्त बोलावणी आली होती.

हा फरक अर्जाच्या पहिल्या चाळणीतला आहे. गेटवरच्या ठेकेदाराकडे तर अर्जच नसतो. तिथे ‘कुणाचा माणूस’ एवढंच चालतं. म्हणून जिथे गुणांची यादी लागते अशा वाटा आधी धरा : केंद्राच्या पोर्टलवरून अप्रेंटिसशिप, तंत्रनिकेतनातल्या परिसर मुलाखती, सार्वजनिक उपक्रमांची भरती. अप्रेंटिसशिपचं प्रमाणपत्र हातात आलं की पुढच्या अर्जात आडनावाच्या आधी अनुभव वाचला जातो. थोडाच, पण वाचला जातो.

प्रश्न : आमच्या शाळेतल्या अकरावीच्या मुलांकडून गावात जात आणि वर्ग यांची पाहणी करून घ्यायची आहे. घरं ३००. फॉर्म कसा करावा, आणि काय चुकतं?
– शिक्षक, औसा तालुका

उत्तर : सगळ्यात मोठी चूक फॉर्मच्या आधीच होते : दिवाळीच्या सुट्टीनंतर पाहणी लावणं. त्या वेळी ऊसतोडीला, वीटभट्टीला, पुण्या-मुंबईला गेलेल्या घरांना कुलपं असतात. मुलं पुढच्या घरी जातात, आणि तुमच्या तक्त्यातून गावातली सगळ्यात गरीब माणसं आपोआप गळतात. मग निष्कर्ष येतो, ‘गावात आता फारशी विषमता नाही.’ पाहणी जुलै ते सप्टेंबर या काळात करा. संध्याकाळी सातनंतर जा. दिवसा घरी म्हातारी माणसं असतात आणि कर्जाचे आकडे त्यांना माहीत नसतात.

दुसरी चूक घरं निवडताना. समजा ३००पैकी ४० घरं दलित वस्तीत आहेत. यादीतलं दर पाचवं घर घेतलं तर वस्तीतली आठच येतील, आणि आठ घरांवरून काही म्हणता येत नाही. म्हणून वस्तीतली २० घ्या, म्हणजे दर दुसरं. उरलेल्या २६०मधून दर पाचवं, म्हणजे ५२. एकूण ७२ फॉर्म. पण गावाचा एकत्रित आकडा काढताना वस्तीतल्या प्रत्येक घराला २नं आणि बाकीच्यांना ५नं गुणायचं. उदाहरण म्हणून, वस्तीत २०पैकी १५ आणि इतरांत ५२पैकी १३ घरं भूमिहीन निघाली असं धरा. सरळ बेरीज केली तर ७२पैकी २८, म्हणजे ३९ टक्के. हे चूक. १५ गुणिले २ आणि १३ गुणिले ५ मिळून ९५. ३००पैकी ९५, म्हणजे ३२ टक्के. हे बरोबर. गणिताच्या शिक्षकांना सोबत घ्या, मुलांना टक्केवारीचा उपयोग तरी कळेल. मुस्लिम मोहल्ला किंवा तांडा असेल तर त्यालाही हीच रीत.

फॉर्ममध्ये ‘तुमचं वार्षिक उत्पन्न किती’ हा प्रश्न नको. कुणी खरं सांगत नाही. दाखल्यावर जो आकडा आहे तोच सांगतात. त्याऐवजी असं विचारा, ज्याचं उत्तर घरातल्या माणसाला पाठ असतं. आठ-अ वर एकर किती, आणि त्यातल्या किती एकराला पाणी आहे? विहीर किंवा बोअर कुठल्या महिन्यापर्यंत चालतं? फेब्रुवारीत आटणारं बोअर आणि मे महिन्यापर्यंत टिकणारं बोअर यांत दोन वेगळे वर्ग आहेत. ‘बागायत’ एवढंच लिहिलं की ते एक होऊन जातात. जमीन कसतो कोण, मालक, सालगडी की बटईदार? बटई बहुधा तोंडी असते, कारण लेखी करार झाला तर कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क येईल, अशी मालकाला धास्ती असते. त्यामुळे बटईदाराला पीककर्ज मिळत नाही, विमा नाही, अतिवृष्टीचं अनुदानही मालकाच्या खात्यात जातं. सातबारा पाहून भरलेल्या फॉर्मवर हा माणूस दिसतच नाही.

मग कर्ज. घेतलेलं शेवटचं दहा हजारांवरचं कर्ज कुणाकडून, शेकडा किती व्याजानं, तारण काय? बँक, सोसायटी, बचत गट, मायक्रोफायनान्स, आडत्या, मुकादम, सावकार, पाहुणे, असे वेगळे रकाने ठेवा. आमच्या मते अख्ख्या फॉर्ममधला हा सगळ्यात बोलका प्रश्न आहे. दोन घरं वर्षाला सारखेच दीड लाख मिळवतात. एक सोसायटीतून वर्षाच्या मुदतीचं पीककर्ज घेतं आणि वेळेत भरलं तर व्याजात सवलत मिळवतं, दुसरं महिन्याला शेकडा तीननं घेतं. पन्नास हजारांवर दुसऱ्याचे महिन्याला दीड हजार व्याजातच जातात, वर्षाचे अठरा हजार. त्या पैशांत एका मुलीचं लातूरला वर्षभराचं खोलीभाडं निघालं असतं. कमाईच्या रकान्यात ही दोन घरं शेजारी-शेजारी बसतात.

घरातली शेवटची नोकरी कुणाला लागली, आणि जागा आहे हे पहिल्यांदा कुणी सांगितलं, हेही विचारा. घराची जागा कुणाच्या नावावर? ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर नाव आहे की गायरानावर घर आहे? मुलं बारावीनंतर कुठे शिकली आणि सोडलं असेल तर कुठल्या महिन्यात? फी भरायच्या महिन्यात सोडलं की निकालानंतर, यावरून कारण कळतं. स्त्रियांच्या नावावर किती जमीन आहे, हा प्रश्न बाईलाच विचारा आणि हक्कसोडपत्र दिलंय का तेही विचारा.

जात शेवटी विचारा, आणि ‘शाळेच्या दाखल्यावर काय लिहिलंय’ अशी विचारा. ‘एससी’, ‘ओबीसी’ असे ठोकळे आयते देऊ नका. बौद्ध आणि मातंग, वंजारी आणि वडार यांना एका ठोकळ्यात घातलं की आतली उतरंड झाकली जाते. फॉर्मवर नाव नको, फक्त क्रमांक. क्रमांक आणि घर जोडणारी यादी एकट्या शिक्षकाकडे, कुलपात. वस्तीतल्या मुलांना फक्त वस्तीत आणि पाटलांच्या मुलांना फक्त गावात पाठवू नका, पण एकट्यालाही पाठवू नका. दोघा-दोघांच्या जोड्या करा, एक इकडचा, एक तिकडचा. कुणाला कुठे ओसरीवर बसवलं, पाणी कशातून दिलं, हे मुलं सांगतील. ते फॉर्मवर नाही, वेगळ्या वहीत लिहून घ्या. आधी पाच घरांत फॉर्म वापरून पाहा. २५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला तर प्रश्न कमी करा.

तक्ता करताना ‘या जातीत इतके गरीब’ एवढ्यावर थांबू नका. आधी वर्ग पाडा : पाण्याची जमीन असलेले, फक्त जिरायत असलेले, पगारदार, केवळ मजुरीवरचे. मग एकेका वर्गाच्या आत जातींची तुलना करा. बारावी झालेला मुलगा असलेली, जिरायत जमिनीचीच घरं घ्या आणि त्यांतल्या किती मुलांना कायम काम लागलं ते जातीनुसार पाहा. फरक जवळपास मिटला, तर दिसत होती ती विषमता बरीचशी वर्गाची होती. वर्ग सारखा ठेवूनही फरक उरला, तर उरलेला भाग जातीचा, आणि तो कुठून येतो ते कर्जाच्या आणि ‘जागा कुणी सांगितली’च्या रकान्यात शोधा. चौकटीत पाचपेक्षा कमी घरं आली तर टक्केवारी काढू नका, नुसता आकडा लिहा. छोट्या गावात पाचाच्या आतली घरं ओळखूही येतात.

आणि जुलैतही काही घरांना कुलपं असतीलच. ती वगळून पुढचं घर घेऊ नका. त्या फॉर्मवर क्रमांक टाका, कुलूप दिसल्याची तारीख लिहा, आणि माणसं कुठल्या गावाला, कशाच्या कामाला गेलीत हे शेजाऱ्यांना विचारून नोंदवा. पोळ्याला आणि गौरी-गणपतीला बरीच घरं परत उघडतात. त्या चार दिवसांत तेच फॉर्म घेऊन पुन्हा जा.